मदत हवी आहे: कुतच्या वेढ्यावर फँटसी, जादू किती ठेवू?

पणजोबा पहिल्या महायुद्धात १०३ मराठा पलटणीत होते. इराकमधल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) ब्रिटिश फौजेसोबत अडकले, पुढे तुर्कांच्या कैदेत. घरात एक पदक नि डिस्चार्जचा कागद, बाकी काही नाही. म्हणून चरित्र सोडून फँटसी कादंबरी लिहितोय.

खरी नावं ठेवली तर जादू उपरी वाटते. सगळं काल्पनिक केलं तर तो कुठलाही वेढा होतो. घोड्याचं मांस नाकारणारे शिपाई, विमानातून टाकलेली पिठाची पोती, त्यातली काही थेट टायग्रिस नदीत, हे सोडवत नाही. तुर्कांना राक्षस करायचं नाही, हे पक्कं.

सध्या कादंबरीत ही नदी धान्याच्या बदल्यात आठवणी मागते. पण धान्य मिळालं की वेढ्यातला जीवच जातो! शरणागती अटळ ठेवून नदीला कितपत ताकद द्यावी?