ठरावीक अक्षरे असलेले इंग्रजी शब्द शोधायला मुलांना कसे शिकवावे?

तापीकाठचा शिक्षक

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवी-आठवीची दहा-बारा मुले स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द बनवण्याचा खेळ, खेळायला थांबतात. घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि तासापुरती इंग्रजी असूनही त्यांच्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण अडचण वेगळीच आहे. 'के' असलेला शब्द सांगा म्हटले की ती चटकन 'कॅट', 'काउ', 'कलर' म्हणतात, कारण त्यांच्या कानात 'क' घुमत असतो; आणि 'नाइफ', 'नी' हे शब्द पाठ असूनही आठवत नाहीत, कारण तेथे 'के' ऐकूच येत नाही.

इंग्रजीत 'क्यू'मागे बहुधा 'यू' लागतो; गेल्या शनिवारी एका मुलीच्या हाती 'क्यू' आला, तेव्हा चारही 'यू' पटावर पडून गेले होते. ती शेवटपर्यंत ती सोंगटी घेऊन बसली आणि तिचे दहा गुण वजा झाले. शब्दकोशात पहिल्या अक्षरावरून शब्द सापडतो. मधल्या किंवा शेवटच्या अक्षरावरून तो कसा शोधावा? अक्षरे टाकली की शब्द काढून देणारी संकेतस्थळे मला ठाऊक आहेत, पण खेळताना ती हाती दिली तर मुले स्वतः विचार करायचे सोडतील, अशी धास्ती वाटते.

भुसावळचा जुना खेळाडू

सर, आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. मराठीत आपण ऐकतो तसे लिहितो, म्हणून शब्द आठवताना आपण आधी ध्वनी शोधतो. स्क्रॅबलमध्ये ध्वनी बाजूला ठेवून डोळ्यांनीच शोधावे लागते. त्यासाठी मुलांना सोंगट्या हाताने हलवायला लावा. 'आय-एन-जी', 'ई-आर', 'ई-डी' हे शेवट उजवीकडे आणि 'आर-ई', 'यू-एन' या सुरुवाती डावीकडे सरकवून ठेवल्या की उरलेल्या तीन-चार अक्षरांतून शब्द दिसू लागतो.

एक उदाहरण फळ्यावर करून पाहा. 'रेटिना' शब्दाची आर, ई, टी, आय, एन, ए ही सहा अक्षरे मांडा. त्यांत 'जी' घातले की 'ग्रॅनाइट' होतो आणि त्याच सात अक्षरांचा 'टेअरिंग'ही होतो. 'पी' घातले तर 'पेंटर', 'सी' घातले तर 'सर्टन', 'डी' घातले तर 'ट्रेन्ड', 'एम' घातले तर मशिदीच्या मनोऱ्याचा 'मिनरेट'. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास गुण जास्तीचे मिळतात, हे मुलांना ठाऊक असेलच. अल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून हा खेळ बेतला. म्हणूनच शंभर सोंगट्यांत 'ई' बारा आहेत आणि 'क्यू' एकच. 'रेटिना'च्या सहा अक्षरांची ओळख आधी घट्ट करावी, असे माझे मत आहे.

'क्यू'चे म्हणाल तर त्या मुलीला सांगा की 'यू' नसलेले शब्द तिच्या घरातच आहेत. 'फकीर' इंग्रजीत एफ-ए-क्यू-आय-आर असा चालतो आणि 'तलाक'च्या शेवटीही 'क्यू' येतो. सर्वांत उपयोगी शब्द दोन अक्षरांचा आहे: क्यू-आय, उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातील प्राणशक्ती. 'जे'साठी आपल्या शिवारातली ज्वारी आहेच: जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, नुसत्या अक्षरांचेच पंधरा गुण.

धुळ्याची ग्रंथपाल

संकेतस्थळाऐवजी मुलांनाच यादी चाळू द्यावी, असे मी सुचवते. 'एनेबल' नावाची, कोणालाही मुक्तपणे वापरता येणारी इंग्रजी शब्दांची यादी आहे आणि तीत पावणेदोन लाखांच्या जवळपास शब्द आहेत. ती एक्सेलच्या एका रकान्यात घ्या. फिल्टरमध्ये दोन अटी लावा: 'क्यू' असावा, आणि 'क्यू-यू' ही जोडी नसावी. लाखाच्या वर शब्दांतून मोजकेच खाली उरतात. जागा ठरलेली असेल तर प्रश्नचिन्ह एका अक्षरासाठी आणि तारका कितीही अक्षरांसाठी वापरतात. म्हणजे प्रश्नचिन्ह, 'एन', तारका असे लिहिले की दुसरे अक्षर 'एन' असलेले सगळे शब्द येतात, आणि तेथे 'नाइफ', 'नी' मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी 'के'खाली उभे दिसतात. पाच अक्षरी शब्द ओळखायच्या वर्डल या खेळासाठीही हीच युक्ती चालते. मात्र ती यादी जुनी असल्यामुळे क्यू-आय तीत नाही. अमेरिकेतील खेळाडूंच्या यादीतही तो शब्द २००६ साली आला.

हे काम डाव संपल्यावर करावे. आपल्या हातात काय होते आणि काय लावता आले असते, हे त्याच दिवशी पाहिले की ते विसरत नाही.

जळगावची आई

एक सूचना जोडते. डाव सुरू होण्याआधी कोणता कोश प्रमाण मानायचा, ते ठरवून घ्या. कॉलिन्स या ब्रिटिश कोशाच्या स्क्रॅबल यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, तर अमेरिकी यादीत १०७. आमच्या घरी याच कारणावरून भावंडांचे भांडण जुंपले होते. कॉलिन्समध्ये 'बाजरा'ही चालतो.

तापीकाठचा शिक्षक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेच्या संगणकावर धुळ्याच्या ताईंनी सांगितलेली चाळणी लावली. ज्या मुलीचे गुण गेले होते, तिने 'फकीर'चे स्पेलिंग वहीत दोनदा लिहिले आणि विचारले, "सर, हा आपलाच फकीर का?" या शनिवारी 'रेटिना'ची सहा अक्षरे फळ्यावर मांडणार आहे. सातवे अक्षर मुलेच पिशवीतून काढतील.