मदत हवी आहे: पॉन्स-ब्रूक्स धूमकेतूची प्रत इतरांपेक्षा मंद का येतेय?

2 एप्रिल 2024

नमस्कार मंडळी,

संध्याकाळी पश्चिमेला 12पी/पॉन्स-ब्रूक्स शोधणारे इथे बरेच असतील. मी सातारा जिल्ह्यातल्या गावातून, गच्चीवरून, 10×50 च्या बायनॉकने त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं मंद) डोळ्यांनी अंदाजून वहीत लिहितोय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, स्थान. मोबाइलमधलं अ‍ॅप दाखवतं तिथे धूमकेतू नसतो, जवळपास अर्धा अंश बाजूला सापडतो. जेपीएल होरायझन्सचे (नासाची स्थानं काढून देणारी ऑनलाइन सेवा) आकडे घेतले की बरोबर नेमावर. हा पाहुणा काही नवखा नाही. 1812 मध्ये पॉन्स, 1883 मध्ये ब्रूक्स, मग 1954 ची फेरी, आवर्तकाल साधारण 71 वर्षं. मग अ‍ॅपचं गणित का चुकतं?

दोन, प्रत. खरी डोकेदुखी हीच. 31 मार्चला तो मेषेतल्या हमाल ताऱ्याच्या अगदी शेजारी होता. सूर्यास्तानंतर तासाभराने बघितला तेव्हा क्षितिजापासून जेमतेम 12 अंश वर. मेषेतला 41 क्रमांकाचा तारा (प्रत 3.6) आणि डेल्टा (4.35) यांचा फोकस घालवून, त्यांचे ठिपके धूमकेतूच्या धुरकट गोळ्याएवढे करून तुलना केली. उत्तर आलं 5.2. कॉब्सवर (धूमकेतूंच्या नोंदी जमा करणारी साइट) लोक साडेचारच्या आसपास देतायत. होळीच्या आठवड्यात चंद्राने घोळ घातला हे समजू शकतो, पण 31 ला संध्याकाळी चंद्र नव्हताच.

मला या नोंदींतून उतार काढायचा आहे. म्हणजे प्रतीच्या सूत्रात सूर्यापासूनच्या अंतराच्या लॉगला आपण सरधोपट 10 ने गुणतो, तो आकडा या धूमकेतूसाठी किती? शिवाय गेल्या जुलैत तो उद्रेकाने एकदम सुमारे 5 प्रती, म्हणजे शंभरपट उजळला होता. तसलं काही मध्येच झालं तर ओळखायचं कसं?

प्रतिसाद:

स्थानाचं सोपं आहे. अ‍ॅपमध्ये कक्षेचे जुने घटक पडून असणार. गुरू वगैरे ग्रहांच्या ओढीने आणि धूमकेतूच्या केंद्रकातून (बर्फाळ गाभ्यातून) सुटणाऱ्या वायूच्या धक्क्याने ते बदलत राहतात. स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सोलर सिस्टिम एडिटरमधून मायनर प्लॅनेट सेंटरचे (लघुग्रह-धूमकेतूंच्या कक्षा ठेवणारी संस्था) ताजे घटक उतरवून घ्या.

प्रतीत तुमचे डोळे दोषी नाहीत, तारे चुकीचे निवडलेत. 41 मेष त्या वेळी धूमकेतूपेक्षा सुमारे 10 अंश वर असतो. 12 अंशावर प्रकाश डोक्यावरच्या मानाने पावणेपाच पट हवेतून येतो, 22 अंशावर पावणेतीन पटीहून कमी. आपल्याकडच्या मार्चातल्या धुरळ्यात दर वायुमानाला (डोक्यावरच्या हवेइतक्या जाडीला) 0.3 प्रत तरी जाते, म्हणजे फरक 0.6. डेल्टा तर आणखी वर. तुमच्या 5.2 मधून एवढं वजा करा, बघा कुठे येतो ते. गॅमा मेष (3.9) धूमकेतूच्या थोडा खाली असतो, दिसला तर तोही घ्या. एक वरचा, एक खालचा, चुका एकमेकींना बऱ्यापैकी खातात.

उतार मात्र एवढ्यातून निघणार नाही. 10 ते 31 मार्चमध्ये सूर्यापासूनचं अंतर 1.11 वरून 0.88 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आलं, पृथ्वीपासूनचं फारसं हललं नाही. 10 चा गुणक धरला तर उजळणं 1 प्रत, 15 चा धरला तर दीड. हा अर्ध्या प्रतीचा फरक डोळ्यांच्या अंदाजातच बुडतो. उतारासाठी 2023 पासूनच्या कॉब्सच्या नोंदी जोडा, आणि उद्रेकाचे दिवस आधी बाजूला काढा. अनेक निरीक्षकांच्या नोंदी एकाच रात्री वर उडी मारतात तेव्हाच उद्रेक म्हणा. एकट्या तुमचीच उडाली तर हवा तपासा.

उपसूर्य बिंदू (सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) 21 एप्रिलला, 0.78 एककांवर. पण तोवर तो संधिप्रकाशात शिरलेला असेल, त्यामुळे पाडव्याच्या आसपासच्या, अमावास्येच्या अंधाऱ्या संध्याकाळी सोडू नका. 10 ला चंद्रकोर आणि गुरू दोन्ही जवळ असतील. फोटोला झकास, प्रत काढायला नको.