चर्चा: पडताना धाडकन, चढताना हळूहळू. मग प्रबंधात सरळ रेषा कशाला?

नांदेडचा_मास्तर
परवा एका विद्यार्थ्याचा प्रबंध तपासला. तेल, व्याजदर, रुपया यांचे धक्के आणि सेन्सेक्स. सगळं सरळ रेषेत बसवलेलं. तेल दहा टक्के महागल्यावर बाजार जेवढा पडेल, दहा टक्के उतरल्यावर तेवढाच चढेल! असं कुठं असतं? 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, 4 वरून 4.40 टक्के केला आणि सेन्सेक्स 1,300 अंकांनी आपटला. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला दर अर्धा टक्का वाढवला, तर बाजार हजाराने चढला. हे सरळ रेषेत बसवून दाखवा.

आकडेमोड_संभाजीनगर
सर, उदाहरण चुकलं. ती वक्रता, म्हणजे सरळ रेषेत न बसणारा परिणाम, नाही; अनपेक्षितपणा आहे. सप्टेंबरची वाढ सगळ्यांनी धरलेलीच होती, ती आधीच भावात आलेली. अपेक्षित भाग वजा करून उरलेला धक्का घ्या, साध्या सरळ मॉडेलमध्येही अधिक-उण्याचं चिन्ह बरोबर येईल.

नांदेडचा_मास्तर
हे मान्य, उदाहरण मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. शिन, यू आणि ग्रीनवुड-निम्मो यांची 2014 ची पद्धत बघा: वाढींची बेरीज एका रांगेत, घटींची दुसऱ्या. दोन्हींचा परिणाम वेगळा मोजता येतो.

मोंढा_लातूर
शिकलेल्या माणसांत बोलतोय, माफी असावी. पण हे आम्ही रोज बघायलाव. प्लांटने सोयाबीनचा भाव पन्नासने उतरवला की दहा मिनिटांत फोन येतो, बोर्डावरचा खडूचा आकडा पुसला जातो. वाढवला की म्हणे, "उद्या बघू." आम्ही आडते बी त्यातलेच, खोटं कशाला सांगू. 2021 च्या ऑगस्टात इथं दहा हजाराच्या वर गेलेली सोयाबीन दिवाळीपर्यंत निम्म्यावर आली. तेवढं चढायला किती दिवस लागले होते, विचारा गावात.

आकडेमोड_संभाजीनगर
मालक, दहा मिनिटांचं पटलं. पण 2021 चं नाही. तेव्हा सरकारने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि वर नवी आवक सुरू झाली. पडझडीत धक्का किती, हंगाम किती? हेच माझं दुखणं आहे. वक्र मॉडेलला जागा जास्त असते, काहीही त्यात बसतं. वाढ आणि घट, दोन्ही बाजूंचे गुणांक (परिणामाचे आकडे) वेगळे दिसतात म्हणून थांबू नका, तो फरक योगायोगापलीकडचा आहे का याची वाल्ड चाचणी लावा. ती न लावता "असममितता आढळली", म्हणजे दोन्ही बाजूंचा परिणाम असमान आहे, असं लिहिलेले प्रबंध मी पाहिलेत.

नांदेडचा_मास्तर
मग अर्थशास्त्रज्ञ हॅमिल्टन? त्यांचं 1989 पासून अवस्थाबदलाचं मॉडेल आहे. शांत काळ वेगळा, घबराटीचा वेगळा. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के पडला, तो दिवस आणि 2017 चा एखादा निवांत मंगळवार एकाच नियमाने चालतात?

आकडेमोड_संभाजीनगर
नाही चालत. पण प्रबंधांत तो सुंदर आलेख असतो ना, घबराटीची शक्यता बरोबर मार्च 2020 ला एकावर जाणारा? तो बहुधा पुढचे सगळे आकडे बघून काढलेला असतो. फक्त त्या दिवसापर्यंतचे आकडे देऊन काढा, रेघ उशिरा उठते आणि थरथरते. शिवाय मोठी पडझड किती? 2008 आणि 2020. दोन दुष्काळ बघून पावसाचा नियम सांगायचा? अस्थिरतेपुरतं मात्र तुमच्या बाजूने आहे. वाईट बातमीने ती जास्त भडकते, नेल्सनने 1991 मध्ये मांडलेलं मॉडेल त्याचसाठी आहे. बाजार किती हलेल ते सांगता येतं. कुठे जाईल ते नाही.

मोंढा_लातूर
कुठं जाईल हे सांगता आलं असतं तर आम्ही आडत कशाला केली असती, सर?

नांदेडचा_मास्तर
प्रबंध परत दिला. सांगितलं, सरळ आणि वक्र दोन्ही मॉडेलं 2019 पर्यंतच्या आकड्यांवर बसव आणि 2020 पासूनचे अंदाज शेजारी-शेजारी ताडून दाखव. पोरगं म्हणतंय, "सर, जमा करायला वीस दिवस राहिलेत."