शनिवारी गच्चीवर सिनेमा: अक्षता आणायच्या का? (सोसायटीच्या ग्रुपवरून; आकडे फ्लॅटचे)

३०२: शनिवारी गच्चीवर 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा इंग्रजी सिनेमा लावूया? लोक वेडे आहेत त्याचे. भावाचा प्रोजेक्टर मिळतोय. फक्त मोठ्यांसाठी हं, मुलांना नको.

१०४ काका: तू लिंक पाठवलीस म्हणून काल मोबाइलवर बघायला घेतला. गाडी पंक्चर होते, जोडपं पावसात एका वाड्यावर जातं, आत नाचगाणी. अर्ध्या तासात बंद केला. गाणी ठेक्याची आहेत, पण गोष्टीला ना बूड ना शेंडा. लोक एवढे वेडे कशाने झाले?

३०२: काका, एकट्याने बघितलात तिथेच घोटाळा झाला. १९७५ला आला तेव्हा आपटलाच होता. १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थेटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तिथल्या लोकांनी तो उचलला. पडद्यावरच्या वाक्यांना मोठ्याने उत्तरं द्यायला लागले. सुरुवातीला लग्न आहे, तिथे तांदूळ उधळायचे. पाऊस आला की डोक्यावर पेपर धरायचा, मागचे पाणी उडवतात. पडद्यापुढे हौशी मंडळी तसेच कपडे घालून अख्खा सिनेमा करून दाखवतात. मी म्युनिकला बघितला, तिथल्या म्युझियम लिश्टश्पीले थेटरात तो १९७७पासून लागतोय. शेजारी साठीच्या बाई होत्या, सगळं तोंडपाठ. मला एक अक्षर येत नव्हतं, पण 'टाइम वॉर्प' सुरू झालं आणि त्यांनी मला हाताला धरून उठवलं. डावीकडे उडी, उजवीकडे पाऊल, गाण्यातच शिकवतात. परक्या गावात त्या रात्री पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही.

२०१ आजी: गो, म्हणजे आमचो धयकालोच, जत्रेतलो दशावतार! संकासूर राक्षस इलो की समोरच्यांची मस्करी करता, आणि माणसां गप रवतत काय? फाटकन जबाब देतत. पाठ केलेला कायच नाय, सगळा थंयच्या थंय. वालावलच्या जत्रेत पहाटेची झोप माझी त्या जबाबांनीच उडा. एकट्यान बघूचो जिन्नस नाय तो.

४०१ सर: आजी, तुलना अगदी बरोबर. एक फरक मात्र मला मोठा वाटतो. आपल्याकडचा स्त्रीपार्टी नट रात्रभर राणी होतो आणि पहाटे लुगडं पेटाऱ्यात ठेवतो. यातला डॉ. फ्रँक-एन-फर्टर उंच टाचांचे बूट नि काळे मोजे घालतो ते सोंग म्हणून नाही. तो तसाच आहे, आणि ते काम करणारा नट टिम करी काय ऐटीत करतो! घरी, शाळेत स्वतःला लपवावं लागणाऱ्या किती पोरांना त्या अंधाऱ्या थेटरात हक्काची जागा मिळाली. मला या सिनेमाचं मोल तिथे दिसतं. तांदूळ आणि पेपर त्यानंतर.

३०२: सर, मला नेमकं हेच सांगायचं होतं.

१०४ काका: हे ध्यानातच आलं नाही माझ्या. लिहिलाय कोणी?

३०२: रिचर्ड ओब्रायनने. वाड्यातला तो कुबडा नोकर तोच. मूळ ते नाटक, १९७३ला लंडनच्या रॉयल कोर्ट थेटरच्या माडीवरच्या सभागृहात सुरू झालं, खुर्च्या अवघ्या ६३. जुन्या भयपटांवर आणि परग्रहवाल्या स्वस्त सिनेमांवर त्याचा फार जीव. २००५ला अमेरिकेने हा सिनेमा त्यांच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत जपून ठेवायला घेतला.

सेक्रेटरी: गच्ची दिली. दहानंतर आवाज चालणार नाही, म्हणून बरोबर साडेसातला सुरू करा. पाणी वायरींपासून लांब. आणि तांदूळ उधळणं मला पटत नाही, अन्न आहे ते.

२०१ आजी: लग्नात अक्षता टाकतंवच मां? चिमूटभर प्रत्येकाक. सकाळी चिमणये खातले.

सेक्रेटरी: चिमूटभर चालेल आजी.

१०४ काका: मी येतो. मला ते उडी-पाऊल कोणीतरी आधी दाखवा, गुडघा बघून करीन.

३०२: शुक्रवारी संध्याकाळी दाखवते काका. पेपरची रद्दी कोणाकडे आहे?

२०१ आजी: पावसाक पेपर कित्याक? सासूबायचा इरलां माळ्यार आसा. ता आणतंय.