पॅराशूटने उतरणारे लष्करी श्वान: एकटे की हँडलरला बांधून?

गडकरी_७१: दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत ब्रिटिश पॅरा बटालियनचे कुत्रे स्वतःच्या छत्रीने उतरले होते. आता मात्र फोटोंत कुत्रा हँडलरच्या (त्याला सांभाळणाऱ्या जवानाच्या) पोटाशी बांधलेला दिसतो. पद्धत का बदलली? आणि उडीत कुत्र्याला सर्वात जास्त त्रास कशाचा होतो?

छत्रीवाला: ती ब्रिटिशांची 13वी पॅराशूट बटालियन. 6 जून 1944 ला तिच्यासोबत बिंग, माँटी आणि राणी हे कुत्रे होते. सायकली टाकण्यासाठीच्या छत्र्याच त्यांना लावल्या, कारण आकार साधारण जुळत होता. उघडायची पद्धत स्टॅटिक लाइनची. दोरी विमानाला अडकवलेली, उडी पडली की तीच छत्री ओढून उघडते. म्हणून कुत्रा एकटा उतरू शकला. बांगलादेश युद्धात टांगाइलला 11 डिसेंबर 1971 ला आपली 2 पॅरा (मराठा) उतरली तीही स्टॅटिक लाइनवरच.

सरावात आधी कुत्र्यांना इंजिन चालू असलेल्या विमानात तासन् तास बसवून आवाजाची सवय करत. उडीआधी खाणं तोडत आणि हँडलर खिशात सुमारे 2 पौंड मांस ठेवून पुढे उडी मारी. कुत्रा मागोमाग येई तो त्या वासाने. पण गोल छत्रीला नेमकी दिशा देता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं. बिंग झाडात अडकून लोंबकळत राहिला. त्याला 1947 मध्ये डिकिन पदक (प्राण्यांच्या युद्धातल्या शौर्यासाठीचं ब्रिटिश पदक) मिळालं.

मेरठ_हँडलर: पुढचं मी सांगतो. आता उंचावरून उडी घेऊन चौकोनी छत्रीने लांबवर, नेमक्या जागी उतरायचं असतं. ती छत्री हाताने चालवावी लागते, कुत्र्याला ते जमणार नाही. म्हणून बांधायचा.

त्रास पडण्यापेक्षा हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि पोटाचा जास्त. मॅलिनॉइस जातीचा कुत्रा साधारण 25-30 किलोचा. तो सगळा भार छाती, पोट आणि मागच्या मांड्यांवर विभागला पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत. सैल असेल तर छत्री उघडतानाच्या झटक्यात कुत्रा पुढे सरकून मानेवर लटकतो. फार आवळला तर छाती फुगत नाही. मांडीच्या आतली बाजू हाताने चाचपून बघा, कातडी दुमडून पट्ट्यात अडकते आणि नराला तर तिथे फारच लागतं. पुढचे पाय मोकळे ठेवू नका. हँडलरच्या छातीवरच्या कटअवे (मुख्य छत्री सोडून देण्याच्या) आणि राखीव छत्रीच्या मुठींत नख अडकलं तर जिवावर बेतेल.

पोटाचं कारण साधं आहे. 5,500 मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, म्हणजे पोटातला वायू दुप्पट जागा घेतो. खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ बसण्याचा धोका मुळातच असतो, म्हणून उडीआधी भरपेट जेवण नाही. पाणी थोडं थोडं.

गडकरी_७१: आणि तोंडाला कापडी मझल (मुसकं) चालेल का?

मेरठ_हँडलर: कापडी अजिबात नको. कुत्रा धाप टाकूनच अंग थंड करतो. जमिनीवर, तापलेल्या विमानात तासभर बसायचं असतं, तिथे बंद तोंडाने तो उडीआधीच कोसळेल. पिंजऱ्यासारखा मझल घ्या, आत जबडा पूर्ण उघडला पाहिजे. डोळ्यांना गॉगल आणि कानांना आवरण लागतंच, आणि दोन्हींची सवय आधी घरी लावायची.

सरावाला थेट विमान नको. आधी हार्नेस घालून नुसतं चालवा, मग हुकाला काही सेकंद लटकवा आणि वेळ वाढवत न्या. अंग ताठ झालं, शेपूट पोटाखाली गेली, ओठ सारखे चाटू लागला की तिथेच थांबून एक पायरी मागे या. घाबरलेल्याला रेटलं तर पुढच्या वेळी तो विमानाच्या दारातच पाय रोवतो.

छत्रीवाला: एक राहिलं. टेकताना हँडलरने पाय वर घेऊन बसकण मारत घसरायचं. उभ्याने उतरलात तर लटकलेल्या कुत्र्याचे पाय आधी जमिनीला लागतात आणि तुमचं वजन त्याच्यावर येतं.

गडकरी_७१: आभार दोघांचे. मझलचं तर डोक्यातही आलं नव्हतं.