साठीनंतरचे कॅप्टन, ६५ ची अट आणि सिक लीव्ह: तुमचं मत काय?

डिचोलीकर_एफओ
नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, वय ३१, सहा वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट आहे. दोन विषय डोक्यात घोळतायत, पायलटला ६५ नंतर एअरलाइनचं विमान उडवू न देणारी अट आणि आजारी असल्याचं कळवणं (सिक), वेगवेगळे वाटतात पण मला ते एकमेकांत अडकलेले दिसतायत म्हणून एकत्रच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एका सीनियर कॅप्टनबरोबर दिल्लीहून गोव्यात मोपा विमानतळापर्यंतची फ्लाइट केली. सर साठी ओलांडलेले, फ्लाइंग असं की बघत राहावं. पिकअपच्या गाडीतच त्यांचा आवाज बसलेला होता, वर गेल्यावर ठीक वाटले. डिसेंट (विमान खाली आणणं) सुरू झाला आणि थोडं खाली आल्यावर सर नाक दाबून कान सोडवायला लागले, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग हेडसेट एका कानावरून बाजूला सरकवला. एटीसीने (हवाई नियंत्रण कक्षाने) दिलेली एक हाइट त्यांना ऐकूच आली नाही, रीडबॅक (ती परत म्हणून दाखवणं) मी दिला. "लँडिंग तू कर," एवढंच म्हणाले. पार्किंगला आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर, सिक का नाही कळवलं, असं विचारलं तर म्हणाले, "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय रे, या वर्षी दोनदा कळवून झालंय." आमच्याकडे ६० नंतर एकेक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असतं.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तीन दिवस आधी माझा कान असाच बंद झाला. म्हापशाच्या डॉक्टरांनी अनफिट लिहून दिलं. रोस्टरला (ड्युटी लावणाऱ्या विभागाला) फोन केला तर पलीकडून "चवथ आहे ना, समजलं" असं आलं. घरी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधली जात होती आणि मी आतल्या खोलीत पडून, घुमट (मातीचं वाद्य) वाजवून होणाऱ्या आरतीला उभासुद्धा राहू शकलो नाही, प्रत्येक थाप कानात घुसायची. नंतर ऑफिसात बोलावून विचारणा झाली ती वेगळी. त्यानंतर जानेवारीत परत सर्दी झाली तेव्हा मी गुपचूप फ्लाइट केली. म्हणजे सरांनी केलं तेच मी केलंय आणि मी तर एकतीसचा.

तर प्रश्न असा की ६५ ची अट बरोबर आहे का, ६७ व्हावी का, आणि सिक कळवणाऱ्याकडे असं संशयाने का बघतात? माझी कमांड (कॅप्टनपद) लांबतेय म्हणून विचारतोय असं कुणाला वाटेल. लांबतेय हे खरंच आहे, लपवत नाही.

पेडण्याचा_पायलट
माझं स्पष्ट मत, ६५ म्हणजे ६५, पुढे नको. डाव्या सीटवरचा माणूस दोन वर्षं जास्त थांबला की त्याच्या खालची अख्खी सिनियॉरिटी लिस्ट दोन वर्षं गोठते. लाखो रुपयांचं कर्ज काढून लायसन्स घेतलेल्या पोरांच्या घरी बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि ६७ केलं तरी आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) मर्यादा ६५ आहे तोवर त्या कॅप्टनना इंटरनॅशनल करता येणार नाही, मग सगळे डोमेस्टिकवर येऊन बसणार. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने ६७ चं बिल पास केलं होतं पण २०२४ चा कायदा झाला तेव्हा ६५ च ठेवलं.

मडगावचा_कॅप्टन
पेडणेकर, तुझी तळमळ समजते, मीही दहा वर्षं उजव्या सीटवर काढलीत. पण हा आकडा आला कुठून ते बघ. अमेरिकेने १९५९ मध्ये ६० चा नियम केला, तेव्हाच्या वैद्यकीय तपासण्या आणि आताच्या यांत जमीन-अस्मानाचा फरक. आयकाओने २००६ मध्ये ६५ केलं, तेही आधी दुसरा पायलट साठीच्या आतला हवा या अटीवर, ती अट २०१४ मध्ये काढली. जपानने २०१५ पासून स्वतःच्या देशात ६७ पर्यंत परवानगी दिली. २०२५ मध्ये आयाटाने (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने) सगळीकडेच ६७ करा असं आयकाओपुढे मांडलं आणि अमेरिकेतल्या पायलटांच्या अल्पा संघटनेने विरोध केला. म्हणजे यावर पायलटांतच एकमत नाही.

मी ६२ चा आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी). त्याच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही, चाळीस वर्षांचं काम त्या एका कागदावर टांगलेलं असतं. तरी मी म्हणेन तपासणी हवी, अजून कडक हवी. नुसत्या वयाने माणूस मोजला तर फसगत होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूरला बोर्डिंग गेटपाशी एक कॅप्टन कोसळला आणि गेला, तो चाळिशीचा होता.

आणि डिचोलीकर, तुझ्या त्या सरांसारखं मीही एकदा केलंय. कान बंद असताना मुंबईहून आलो, पडदा फाटला, सहा आठवडे घरी. एक दिवस घ्यायला हवा होता तिथे सहा आठवडे गेले, आणि मागे बसलेल्या पावणेदोनशे माणसांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आजही आठवलं की वाईट वाटतं.

वास्कोची_रोस्टरवाली
मी क्रू शेड्यूलिंगला आहे, आमची बाजूही ऐका. पहाटे तीनला फोन येतो "सिक", चार वाजताचं रिपोर्टिंग असतं, स्टँडबायला (राखीव) एकच माणूस आणि तोही आदल्या रात्री उशिरा उतरलेला. तेव्हा तोंडातून कडवट शब्द जातो, कबूल करते. डिचोलीकर, "चवथ आहे ना" हे तुम्हाला ज्यांनी म्हटलं त्यांनी चुकीचंच केलं. पण चवथीला, दिवाळीला, ३१ डिसेंबरला सिकचे फोन वाढतात हे मी दरवर्षी बघते, आणि खोटं सिक मारणाऱ्या दोघांमुळे खऱ्या आजारी आठजणांवर संशय येतो.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीच्या शेकडो पायलटांनी एकाच वेळी सिक कळवलं होतं, दोन सहकाऱ्यांना काढलं म्हणून. त्यांचं दुखणं खरं असेल पण तेव्हापासून मॅनेजमेंटला सिक म्हणजे संप असं वाटायला लागलं.

खरं मूळ माणसं कमी असण्यात आहे. ड्युटीचे नवे नियम आले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोन केली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये किती फ्लाइट कॅन्सल झाल्या ते सगळ्यांनी बघितलं. त्याच गडबडीत साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही हे कलम मागे घेतलं गेलं. आजारपणाची रजा विश्रांतीत मोजायची म्हणजे तापाने फणफणलेला माणूस आराम करतोय असं कागदावर दाखवायचं, ते मला पटत नाही.

फोंडा_ईएनटी
डॉक्टर म्हणून थोडं. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्यासारखी असते. खाली येताना दाब वाढतो, नाक चोंदलेलं असेल तर घसा आणि कान जोडणारी नळी उघडत नाही आणि पडदा आत ओढला जातो. दुखणं तर आहेच, शिवाय बहिरेपणा आणि चक्कर येऊ शकते, तीही नेमकी लँडिंगच्या वेळी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन फ्लाय करणं हा उपाय नाही.

कानापलीकडचंही एक सांगते. २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जचं विमान सह-पायलटने मुद्दाम आल्प्समध्ये पाडलं, १५० जण गेले. त्याच्या घरी फाडलेली सिक सर्टिफिकेट्स सापडली, त्यातलं एक त्याच दिवसाचं. डॉक्टरने काम करू नको सांगितलं होतं, कंपनीला ते कळलंच नाही. माझ्याकडे येणारे पायलट "लिहू नका डॉक्टर, तोंडीच सांगा" म्हणतात तेव्हा मला हे आठवतं.

मडगावचा_कॅप्टन
रोस्टरवाली बाय, तू बरोबर बोललीस. माझं एवढंच मागणं आहे, साठीनंतरचं कॉन्ट्रॅक्ट वाढवताना मेडिकल बघा, चेक राइड (उड्डाणाची परीक्षा) बघा, सिकचे दिवस मोजू नका. मग ६५ ला थांबवा की ६७ ला, मी वाद घालणार नाही.

डिचोलीकर_एफओ
सगळ्यांचे आभार. पेडणेकर, कमांडचं दुःख आपलं सारखंच आहे, तरी माझा राग आता कॅप्टन लोकांवर राहिलेला नाही. काल सरांना फोन केला, अजून एका कानाने कमी ऐकू येतंय, शेवटी डॉक्टरकडे गेले. मला परवापासून सर्दी आहे, उद्या पहाटे ३:४० चं पिकअप होतं. आत्ता संध्याकाळीच सिक कळवून टाकलं म्हणजे स्टँडबायवाल्याला निदान झोप मिळेल. पलीकडच्या मुलीने "बरं, काळजी घ्या" म्हटलं. आईने कषाय (काढा) उकळायला ठेवलाय.