ली छिंगचाओचं दुसरं लग्न: खरं की बदनामी?

शंकासुर: चीनमधल्या सुंग काळातली कवयित्री ली छिंगचाओ (जन्म 1084) हिने 1132 मध्ये चांग रूचौशी लग्न केलं आणि शंभरेक दिवसांत मोडलं, असं सगळेच लिहितात. मला पटत नाही. पहिला नवरा चाओ मिंगछेंग 1129 मध्ये गेला. त्याच्या शिलालेखांवरच्या ग्रंथाला तिने जोडलेल्या उत्तरकथनात या लग्नाबद्दल अवाक्षर नाही. सगळी भिस्त तिच्या नावावरच्या एका पत्रावर, तेही पुढच्या कुणाच्या तरी ग्रंथात उतरवलेलं.

दप्तरदार: पत्र क्षणभर बाजूला ठेवू. ली शिनछ्वानच्या इतिहासात नोंद आहे: चांगच्या ली आडनावाच्या बायकोने फिर्याद केली, त्याचं पद गेलं, त्याची रवानगी दूर ल्यूचौला. गुन्हाही बघा. सरकारी नोकरीच्या परीक्षेत वारंवार नापास होणाऱ्यांना ठरावीक खेपांनंतर सवलतीने नोकरी मिळे. याने खेपा फुगवून सांगितल्या होत्या. बदनामी करणारा इतका रुक्ष तपशील कशाला रचेल?

शंकासुर: ली आडनावाच्या बायका काय थोड्या होत्या? शिवाय ली शिनछ्वान या घटनेनंतर जन्मलेला. ऐकीव माहिती!

दप्तरदार: नोंद पुढे वाचा की. 'ली गफेईची मुलगी, गीतं रचते, स्वतःला यीआन म्हणवते.' ली गफेई हे छिंगचाओचे वडील, यीआन हे तिचं टोपणनाव. आणखी कोण असणार? हू त्झचा 1148 चा ग्रंथही हे लग्न सांगतो, तेव्हा ती हयात होती.

बोरू: कायदा विसरू नका. नवऱ्यावर फिर्याद करणाऱ्या बायकोला, आरोप खरा निघाला तरी, दोन वर्षांची सजा. पत्रात ती नऊ दिवस कोठडीत होती असं आहे. सुटका झाली ती छी छोंगली या दरबारी अधिकाऱ्यामुळे, आणि पत्र त्यालाच आभाराचं. लग्न नाकारण्याची धडपड नंतरच्या मिंग-छिंग काळातल्या विद्वानांची, कारण विधवेने पुन्हा लग्न करणं त्यांना खपत नव्हतं. सुंग काळात ते बेकायदा नव्हतं.

शंकासुर: मग उत्तरकथनात मौन का?

बोरू: कारण ते तिच्या आणि मिंगछेंगच्या पुस्तकं-चित्रांच्या संग्रहाचं चरित्र आहे. नवराबायकोने दोन लाख नाण्यांचं पिओनी फुलांचं चित्र दोन रात्री घरी ठेवून, पैसे नाहीत म्हणून परत केलं, हे त्यात आहे. पंधरा गाड्या भरून पुस्तकं दक्षिणेला नेली, छिंगचौच्या घरात उरलेली जळाली, शाओशिंगला भाड्याच्या घराची भिंत फोडून चोरांनी पाच पेट्या पळवल्या, हेही आहे. ज्याचा संग्रहाशी संबंध नाही, ते तिने गाळलं.

शंकासुर: चांगचा डोळा संग्रहावरच होता असं म्हणतात ना? मग संबंध नाही कसा?

दप्तरदार: हा प्रश्न रास्त आहे. पण पुरावा लग्नाच्याच बाजूने झुकतो.